शेजारी पाया खणतो तेव्हा

शेजारच्या मोकळ्या भूखंडावर चुन्याची फक्की पडते, खुंट्या ठोकल्या जातात, दोरी ताणली जाते आणि एके सकाळी जेसीबी येऊन उभा राहतो. त्या दिवसापासून आपल्या घरात एकच विषय सुरू होतो. ‘त्याने आपल्याला विचारायला नको होते का?’ ‘इतके खेटून बांधता येते का?’ ‘खिडकीसमोर भिंत आली तर?’ ‘कुंपणाचा पाया उघडा पडलाय, तो ढासळला तर?’ हे सगळे प्रश्न एका दमात विचारले जातात आणि एकाच ठिकाणी नेले जातात. कोणी नगरसेवकाकडे जातो, कोणी पोलीस चौकीत, कोणी थेट वकिलाकडे. बहुतेकांच्या वाट्याला हेलपाटे येतात ते इथूनच. हे प्रश्न एकाच जागेवरून उठले असले, तरी त्यांची उत्तरे वेगवेगळ्या कायद्यांत आणि वेगवेगळ्या कार्यालयांत आहेत.

म्हणून सुरुवातीलाच त्यांची तीन गटांत विभागणी करून घ्यावी. पहिला प्रश्न हद्दीचा: शेजारी स्वतःच्याच जमिनीवर बांधतो आहे का? दुसरा अंतराचा: जमीन त्याची असली, तरी हद्दीपासून जेवढी जागा मोकळी सोडायला हवी तेवढी तो सोडतो आहे का? तिसरा इजेचा: हद्द आणि अंतर दोन्ही ठीक असले, तरी त्याच्या कामामुळे आपली भिंत, आपला पाया, आपला उजेड यांना धक्का लागतो आहे का? हद्दीचे उत्तर भूमी अभिलेख खाते देते. अंतराचे उत्तर महापालिका, नगरपरिषद, ग्रामपंचायत किंवा तिथले जे नियोजन प्राधिकरण असेल ते देते. इजेचे उत्तर आधी अभियंता देतो आणि गरज पडली तर दिवाणी न्यायालय. भूमी अभिलेख खात्यात जाऊन छज्ज्याची तक्रार केली किंवा महापालिकेत जाऊन सात-बाऱ्याचा वाद मांडला, तर ‘हे आमच्या अखत्यारीत नाही’ हेच ऐकावे लागते, आणि तोवर शेजारी पहिला स्लॅब टाकून मोकळा होतो.

आधी शेजाऱ्याचा हक्क

आपल्या हक्काकडे वळण्याआधी त्याचा हक्क नीट समजून घ्यायला हवा. नियमात बसणाऱ्या बांधकामाला शेजाऱ्याचे ना हरकत पत्र सर्वसाधारणपणे लागत नाही. भिंत सामाईक असेल किंवा जमीन भावकीत एकत्र असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे सहमालकाची संमती हवीच. एरवी वीस-तीस वर्षे मोकळा पडलेला भूखंड मोकळाच राहावा, असा आग्रह कायदा ऐकून घेत नाही. गॅलरीतून डोंगर दिसायचा, आता दिसणार नाही, याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. पण नुसत्या देखाव्याचा हक्क भारतीय सुविधाधिकार कायद्याने वहिवाटीतून मिळत नाही.

हे आधी मान्य केले की दोन फायदे होतात. हरणाऱ्या मुद्द्यांवर वेळ आणि पैसा जात नाही. आणि शेजाऱ्याशी बोलताना आपला सूर ‘तू बांधूच नकोस’ असा न राहता ‘नीट बांध’ असा राहतो. पहिल्या सुरावर माणूस चिडतो, दुसऱ्यावर निदान ऐकून तरी घेतो.

हद्द: कुंपण म्हणजे सीमा नव्हे

आपण ज्याला हद्द समजतो, ते बहुतेकदा कुंपण असते. ते कधी काळी कोणीतरी अंदाजाने घातलेले असते. तारेच्या जागी विटांची भिंत येते, भिंत पुन्हा बांधताना फूटभर इकडे-तिकडे सरकते, आणि पुढच्या पिढीला तीच हद्द वाटू लागते. कायद्याच्या दृष्टीने हद्द असते ती अभिलेखात, म्हणजे मोजणीच्या नकाशात.

महाराष्ट्रातल्या या अभिलेखांना मोठा इतिहास आहे. १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातून गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी जमीनमोजणीची जी पद्धत बसवली, तिच्यावर आपले जुने टिपण, गुणाकार बुक आणि गावनकाशे उभे आहेत. त्या काळची मोजणीची साखळी ३३ फुटांची आणि तिचे आणे सोळा. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच आपला गुंठा. शेताच्या बांधासाठी साखळीचा आणा हे माप पुरेसे होते. आज त्याच जमिनीच्या तुकड्यांवर इंचाइंचाने कॉलम उभे राहतात, म्हणून फुटाचा फरकही भांडणाचे कारण होतो.

यावरचा उपाय म्हणजे हद्दकायम मोजणी. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात, शहरात नगर भूमापन कार्यालयात, सात-बारा किंवा मिळकत पत्रिका जोडून आणि शुल्क भरून अर्ज करता येतो. तो ऑनलाइनही करता येतो. मोजणीच्या तारखेची नोटीस लगतधारकांना जाते. भूकरमापक येतो, जुन्या अभिलेखाशी जागेचा मेळ घालतो, खुणा दाखवतो आणि पुढे नकाशाची ‘क’ प्रत देतो. एखाद्या पक्षाला मोजणी मान्य नसेल, तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून निमताना मोजणी मागता येते.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, मोजणीच्या दिवशी शेजाऱ्याला आवर्जून हजर राहायला सांगावे. त्याच्या डोळ्यांदेखत लागलेली खूण पुढे नाकारणे कठीण जाते. दुसरी, खूण पक्की करून घ्यावी, दगड रोवावा, फोटो काढावा. हद्दीच्या खुणा जपण्याची जबाबदारी आणि त्या नष्ट केल्यास शिक्षा, या दोन्हींची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये आहे. तिसरी, मोजणीने अतिक्रमण दिसते, पण ते आपोआप हटत नाही. शेजारी ऐकत नसेल, तर ‘क’ प्रत हाती घेऊन पुढची पावले उचलावी लागतात. पण ती प्रत नसेल, तर पहिले पाऊलही टाकता येत नाही.

गृहनिर्माण संस्थांची एक वेगळी अडचण आहे. अनेक सोसायट्यांच्या जमिनी अजून मूळ मालकाच्या किंवा विकासकाच्या नावावर आहेत. शेजारच्या भूखंडावर टॉवर उभा राहू लागतो, तेव्हा सोसायटीच्या लक्षात येते की मिळकत पत्रिकेवर आपले नावच नाही. जमीन सोसायटीच्या नावे करून देणारे अभिहस्तांतरण झाले नसेल, तर १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका (मोफा) कायद्याच्या कलम ११ खाली मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे. ते काम शेजारचे बांधकाम सुरू होण्याची वाट न पाहता उरकून टाकावे.

गावठाणात तर अनेक घरांना नकाशाच नव्हता. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या. आपल्या गावचे काम झाले असेल, तर पत्रिकेवरचे क्षेत्र आणि चतुःसीमा आजच तपासाव्यात. भिंत उभी राहिल्यावर चूक सुधारणे फार महाग पडते.

अंतर: मोकळ्या जागेमागचा विचार

हद्द ठीक निघाली, तर प्रश्न येतो सामासिक अंतराचा. सोप्या शब्दांत, इमारत आणि हद्द यांच्यामध्ये सोडायची मोकळी जागा. तिच्यामुळे दोन्ही घरांना उजेड आणि वारा मिळतो, आग लागली तर ती पटकन पसरत नाही आणि अग्निशमन दलाला आत शिरता येते, सांडपाण्याच्या वाहिन्या टाकायला व दुरुस्त करायला जागा राहते. आपल्या खिडकीसमोर शेजारी जागा सोडतो, तेव्हा त्याच्याही खिडकीला श्वास मिळतो. हा नियम दोघांच्या सोयीचा आहे.

बृहन्मुंबईला स्वतःची २०३४ ची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. काही विशेष क्षेत्रे वगळता उरलेल्या महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकच एकत्रित नियमावली आहे, जिला सगळे ‘यूडीसीपीआर’ म्हणतात. अंतर किती सोडायचे हे भूखंडाचा आकार, समोरच्या रस्त्याची रुंदी, इमारतीची उंची आणि वापर यांवर ठरते. दाट वस्तीबाहेर, ठरावीक उंचीच्या पुढे, बाजूचे आणि मागचे अंतर साधारणपणे उंचीच्या एक पंचमांश धरले जाते. म्हणजे २५ मीटर उंचीच्या इमारतीला ५ मीटर. जुन्या गावठाणात आणि पेठांत मात्र कमी उंचीच्या घरांना बाजूला शून्य अंतरही चालते, कारण तिथली वस्तीच भिंतीला भिंत लावून वाढली आहे. म्हणून मावसभावाच्या शहरात तीन मीटर सोडतात, मग इथे का नाही, असा युक्तिवाद उपयोगाचा नाही. आपल्या भूखंडाला कोणता तक्ता लागू होतो, हे परवानाधारक वास्तुविशारदाकडून समजून घ्यावे. त्याची फी पुढच्या खर्चाच्या मानाने किरकोळ असते.

शेजाऱ्याला परवानगी आहे की नाही, हे कसे कळायचे? बांधकामाच्या जागेवर परवानगीचा तपशील दिसेल असा फलक असायला हवा. १७ डिसेंबर २०२४ रोजी एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मंजूर नकाशा बांधकाम चालू असेपर्यंत जागेवर लावलेला असावा आणि प्राधिकरणाने वेळोवेळी तपासणी करून तिची नोंद ठेवावी. खर्च झाला, वेळ गेला, अधिकाऱ्यांनी दुर्लक्ष केले, यांपैकी कशानेही बेकायदा बांधकाम कायदेशीर होत नाही, असेही त्याच निकालात आहे. फलक नसेल, तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशाची प्रत मागावी. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. तेवढे थांबण्याइतका वेळ नसेल, तर अर्ज टाकून त्याच दिवशी नगररचना किंवा बांधकाम विभागातही चौकशी करावी.

एक सावधगिरी हवी. यूडीसीपीआरने लहान भूखंडांसाठी जोखमीवर आधारलेली सोपी पद्धत आणली आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर परवानाधारक तांत्रिक व्यक्तीच्या नकाशांसह कळवून आणि शुल्क भरून काम सुरू करता येते. त्यामुळे ‘त्याच्याकडे मंजुरीचा कागदच नाही’ एवढ्यावरून बांधकाम बेकायदा ठरवू नये. कागद सोपा झाला आहे; अंतराचे नियम मात्र तेच आहेत.

बांधकाम नकाशाबाहेर जाते आहे असे दिसले, तर तक्रार लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. तक्रारीत भावना कमी आणि मापे जास्त असावीत: कोणत्या बाजूला किती अंतर मंजूर आहे, जागेवर किती आहे, फोटो कोणत्या तारखेचा. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५४ खाली प्राधिकरणाला अनधिकृत काम थांबवण्याची आणि कलम ५३ खाली ते काढायला लावण्याची नोटीस देता येते. मुंबईत काम थांबवण्यासाठी महापालिका कायद्याचे कलम ३५४अ आहे.

यातला कळीचा शब्द आहे जोते. पाया भरून जोत्यापर्यंत काम आले की ते मंजूर नकाशाप्रमाणे आहे का, याची तपासणी करून घ्यायची असते. जोत्याच्या पातळीवर चूक सापडली, तर चार कॉलम हलवून ती सुधारता येते. तीन मजले चढल्यावर तीच चूक म्हणजे एका कुटुंबाची आयुष्यभराची कमाई असते. मग प्राधिकरणाचा हात कचरतो, न्यायालय मध्यम मार्ग शोधते, आणि दोन्ही घरे वर्षानुवर्षे तारखा मोजत बसतात. तक्रार करायची असेल, तर ती जोत्याच्या आत.

इजा: जमीन जमिनीला धरून असते

हद्द आणि अंतर कागदावर तपासता येते. सर्वांत मोठा धोका मात्र कागदावर दिसत नाही. तो असतो खोदाईत.

आपल्या घराचा भार पाया जमिनीवर टाकतो आणि तो भार सरळ खाली न जाता बाजूलाही पसरत जातो. पायाच्या बाजूची माती त्या भाराला दोन्हीकडून आवळून धरते. शेजारी हद्दीलगत आपल्या पायापेक्षा खोल खणतो, तेव्हा एका बाजूची ही पकड सुटते. माती खड्ड्याकडे सरकू लागते, पाया त्या बाजूला खचतो आणि भिंतीला तिरपी भेग पडते. पायांच्या रचनेविषयीच्या भारतीय मानकात (आयएस १९०४) लगतचे दोन पाये वेगवेगळ्या खोलीवर असतील, तर त्यांना जोडणारा उतार दोन आडवा आणि एक उभा यापेक्षा तीव्र नसावा, असा ठोकताळा आहे. समजा, आपला पाया एक मीटर खोल आहे आणि शेजारी तळघरासाठी तीन मीटर खाली जातो आहे. फरक दोन मीटरचा, म्हणजे त्याच्या पायाची कड आपल्या पायापासून सुमारे चार मीटर दूर हवी. शहरी भूखंडांत एवढी जागा बहुधा नसते. तेव्हा खणण्याआधी बाजूला शोअर पाइलसारखा भक्कम आधार उभा करणे किंवा छोट्या-छोट्या टप्प्यांत खणून लगेच भरत जाणे, हेच मार्ग उरतात. सगळी बाजू एका दिवसात जेसीबीने उघडी करणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक प्रकार.

मातीचा स्वभावही पाहावा लागतो. देशावरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तडकते. तिच्यात उन्हाळ्यात ताठ उभी राहिलेली खड्ड्याची कड पहिल्या दोन पावसांत ओलसर होऊन घसरू शकते. मुरूम बरा टिकतो, पण त्यातून झरे सुटले की बारीक माती पाण्याबरोबर वाहून जाते. पंप लावून खड्ड्यातले पाणी उपसले, तर आजूबाजूच्या जमिनीतली पाण्याची पातळीही उतरते आणि शेजारची घरे थोडी बसू शकतात. काळा दगड लागला, तर ब्रेकरचे हादरे येतात. म्हणून मे महिन्यात सुरू झालेली खोदाई जूनमध्ये उघडी राहणे, हे महाराष्ट्रातल्या अशा अपघातांचे एक मोठे कारण आहे.

याची किंमत आपण पाहिली आहे. २५ जून २०१८ रोजी मुंबईत वडाळ्याच्या अँटॉप हिल भागात शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात निवासी संकुलाची सीमाभिंत आणि वाहनतळाचा भाग खचून अनेक गाड्या खाली गेल्या. सुदैवाने जीव वाचले. २९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कोंढव्याला एका सोसायटीची सीमाभिंत शेजारच्या बांधकामावरील मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि लहान मुलांसह १५ जण मेले. दोन्ही तारखा जूनच्या शेवटच्या आठवड्यातल्या आहेत. आणि कोंढव्याला मेलेली माणसे ना या भूखंडाची मालक होती, ना त्या. हद्दीवरची सुरक्षा हा दोन मालकांपुरता विषय नाही. त्या भिंतीच्या सावलीत झोपणाऱ्या तिसऱ्या माणसाचाही तो आहे.

कायदा इथे काय म्हणतो? भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ नुसार प्रत्येक जमिनीला तिच्या नैसर्गिक स्थितीत शेजारच्या जमिनीचा आधार मिळण्याचा हक्क आहे. ‘नैसर्गिक स्थितीत’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जमिनीवर इमारतीचा कृत्रिम भार असेल, तर त्या भारासाठीचा आधार हा वेगळा हक्क ठरतो आणि कलम १५ प्रमाणे तो २० वर्षांच्या शांत, अखंड वहिवाटीने मिळतो. म्हणजे जुन्या घराची बाजू नव्यापेक्षा भक्कम. अर्थात घर नवे असले, तरी निष्काळजी खोदाईने झालेल्या नुकसानीची भरपाई मागता येते.

पुरावा भेग पडण्याआधीचा

नुकसानीच्या बहुतेक वादांत शेजाऱ्याचा बचाव एकच असतो: ‘ही भेग आधीपासून होती.’ त्याला उत्तर देणारा पुरावा भेग पडल्यानंतर तयार करता येत नाही. म्हणून फक्की पडलेली दिसताच आपल्या घराची पाहणी करून घ्यावी. प्रत्येक खोलीच्या भिंती, छत, फरशी, कुंपण आणि टाकी यांचे तारखेसह फोटो काढावेत. असलेल्या भेगांचेही काढावेत, शेजारी मोजपट्टी धरून. शक्य असेल तर संरचना अभियंत्याकडून लेखी अहवाल घ्यावा आणि त्याची एक प्रत शेजाऱ्याला द्यावी. जुन्या भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसचा किंवा काचेचा पातळ पट्टा आडवा चिकटवून त्यावर तारीख लिहावी. भेग वाढली की पट्टा तडकतो. एवढ्या साध्या उपायाने भेग जिवंत आहे की जुनी, हे कळते.

खोदाई सुरू झाल्यावर रोज एक नजर टाकावी. दरवाजे-खिडक्या अचानक घट्ट होणे, फरशी एका बाजूला वाजणे, कुंपण खड्ड्याकडे झुकणे, जमिनीवर हद्दीला समांतर चीर उमटणे, ही धोक्याची चिन्हे आहेत. चीर दिसली तर कागदपत्रे नंतर. आधी त्या बाजूची माणसे हलवावीत, ठेकेदाराला काम थांबवायला लावावे, महापालिकेला आणि अग्निशमन दलाला कळवावे.

उजेड, पाणी आणि आवाज

उजेड आणि वाऱ्याबाबत गैरसमज फार आहेत. घराच्या खिडकीतून २० वर्षे शांतपणे, अखंड आणि हक्काने उजेड घेतला असेल, तर तो सुविधाधिकार होऊ शकतो. दावा करताना हा काळ दाव्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपणारा असावा लागतो. मोकळ्या अंगणाला असा हक्क मिळत नाही. आणि उजेड थोडा कमी झाला एवढ्यावर भागत नाही; राहण्याच्या सोयीत किंवा नेहमीच्या कामधंद्यात लक्षणीय बाधा आली, हे दाखवावे लागते. शेजाऱ्याच्या लेखी परवानगीने खिडकी ठेवली असेल, तर ती वहिवाट हक्काची ठरत नाही. हे दोघांनीही लक्षात ठेवावे.

पाण्याचा नियम उताराबरोबर चालतो. वरच्या जमिनीवर पडलेले पावसाचे पाणी नैसर्गिकरीत्या खालच्या जमिनीवर येत असेल, तर खालच्याने ते येऊ द्यावे, असे कलम ७ सांगते. पण शेजाऱ्याने भराव टाकून अंगण तीन फूट उंच केले आणि पाणी आपल्या भिंतीवर लोटले, किंवा गच्चीचा पाइप आणि पत्र्याच्या पागोळ्या आपल्या बाजूला सोडल्या, तर ते नैसर्गिक राहत नाही. त्याच्या छपराचे पाणी त्याच्या हद्दीत पडून त्याच्याच गटारात गेले पाहिजे. कोकणात हा मुद्दा भिंतीपेक्षाही मोठा ठरतो. तो पाया भरतानाच बोलून घ्यावा, कारण नंतर गटाराला जागाच उरत नाही.

आवाजासाठी ध्वनिप्रदूषण नियम, २००० आहेत. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाज करणारी बांधकामाची यंत्रे चालवायला मनाई आहे. रात्रीच्या ब्रेकरची तक्रार पोलिसांकडे करता येते. धुळीसाठी कापड लावणे, पाणी मारणे, राडारोडा झाकून नेणे ही ठेकेदाराची जबाबदारी आहे. मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये यासाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. पण चार-सहा महिन्यांची रोजची धूळ ही तक्रारीपेक्षा बोलण्याने जास्त सुटते.

बोलणे, लिहिणे, दावा

पहिली भेट काम सुरू होण्याआधी आणि शेजाऱ्याच्या घरी व्हावी. बांधकामाच्या जागेवर, मजुरांसमोर नको. तिथे त्याला माघार घेणे अवघड जाते. ‘अण्णा, घर बांधताय, आनंदच आहे. खोदाईआधी आपल्या दोघांच्या भिंती एकदा तुमच्या इंजिनिअरसोबत बघून घेऊ, म्हणजे पुढे तुम्हालाही त्रास नको आणि आम्हालाही’ असे म्हटले, तर बहुतेक माणसे हो म्हणतात. परांची बांधायला किंवा बाहेरून गिलावा करायला त्याला आपल्या अंगणात यावे लागेल. ती परवानगी अडवून ठेवू नये, पण लेखी द्यावी: किती दिवस, कुठली जागा, फरशी-झाडांचे नुकसान कोण भरून देणार. देवघेव इथेच सुरू होते. तुम्ही परांचीला जागा दिली, की तो पागोळीचा पाइप वळवायला राजी होतो.

बोलणे फसले, तर पोच मिळेल अशा टपालाने पत्र. त्याचा उपयोग न्यायालयात होतो, कारण तुम्ही वेळेवर हरकत घेतली याचा तो दाखला असतो. गावात तंटामुक्त गाव समिती, तालुक्यात विधी सेवा समितीची मध्यस्थी, लोकअदालत, हे मार्ग वापरून पाहावेत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ खाली महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत कायदेशीर मदत मिळते.

शेवटी दावा. तात्पुरत्या मनाई हुकमासाठी न्यायालय तीन गोष्टी पाहते: तुमची बाजू प्रथमदर्शनी खरी आहे का, हुकूम दिला किंवा न दिला तर जास्त गैरसोय कोणाची, आणि नुकसान पैशाने न भरून येणारे आहे का. जागेची पाहणी करायला न्यायालय आयुक्तही नेमता येतो. उशीर मात्र इथे माफ होत नाही. ज्या गोष्टीला तुम्ही इतके दिवस मूक संमती दिली, ती थांबवण्याचा हुकूम विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ४१ प्रमाणे नाकारला जाऊ शकतो. भिंत कमरेएवढी असताना मागितलेला मनाई हुकूम आणि रंग लागल्यावर मागितलेला, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

या सगळ्यातून एवढे घेऊन जावे. हद्द, अंतर आणि इजा हे तीन प्रश्न वेगळे ठेवा आणि ज्याचा प्रश्न त्याच कार्यालयात न्या. शेजारी फक्की मारेल त्याआधी मोजणीची ‘क’ प्रत घरात असू द्या, खोदाईआधी आपल्या भिंतींचे फोटो आणि जोत्याआधी आपली लेखी हरकत. शेजाऱ्याला त्याचे घर बांधू द्या, पण पहिल्या दिवसापासून जागे राहा. कायदा तुमच्या बाजूने असेल, तरी तो वेळेवर मागणाऱ्यालाच उपयोगी पडतो.